सोळा नंबरची चिठ्ठी

तुम्हाला पटो न पटो, हे घडलेलं आहे.

माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि ती मला खोटं सांगत नाही. खोटं बोलली की लहानपणापासून तिचे कान लाल होतात. हे सांगताना नव्हते झाले.

गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची, सव्वादोनची आहे. एका मोठ्या हॉस्पिटलचं तळघर. तिथे जुनी कागदपत्रं ठेवायची खोली. बाहेर एक लांब बाक, एक जाळीची खिडकी, नंबराची चिठ्ठी देणारं मशीन आणि खिडकीवर लाल आकडे दाखवणारी पाटी.

बहिणीला आम्ही घरात बारकी म्हणतो. ती कपडे अल्टर करून देते. कोटाची बाही, पँटची कंबर, जे बिघडलंय ते तिच्याकडे येतं. पाच वर्षांपूर्वी तिला पहिली मुलगी झाली. बाळ पायाळू होतं म्हणून सिझर केलं, आणि पुढे टाके पिकले. तीन महिने तिला मशीनवर बसता आलं नाही. मुलगी रडली की दुसऱ्या कुणीतरी उचलून तिच्या मांडीवर द्यायची. ते तिच्या मनात राहिलं.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं, जमत असेल तर या वेळी नॉर्मलच.

घरात कुणाला ते आवडलं नाही.

"ही कसली हौस? डोळे मिटायचे, उघडायचे, की बाळ हातात," सासूबाई म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणतात तसं कर," नवरा म्हणाला. डॉक्टर काय म्हणतात हे त्याने विचारलंच नव्हतं.

मीही कमी नव्हते. "एकदा सिझर की कायम सिझर," मी ठोकून दिलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाई मात्र नीट बोलल्या. त्यांनी पाच वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड उलटसुलट पाहिलं.

"इथे गर्भपिशवीवर उभा छेद लिहिलाय. तसं असेल तर कळांमध्ये पिशवी फाटू शकते. मग तुझं आणि बाळाचं, दोघांचं अवघड. नॉर्मलचा विषय बंद."

"पण माझा टाका तर आडवा आहे."

"तो कातडीवरचा. आतला वेगळा असू शकतो."

बारकीला लगेच कळलं. कोटाची शिवण सरळ दिसते म्हणून अस्तराचीही सरळच असते असं नाही.

"फक्त एक आहे," बाई कार्डाकडे बघत म्हणाल्या, "दिवस भरलेल्या पायाळू बाळासाठी सहसा कुणी उभा छेद घेत नाही. आतला छेद आडवा निघाला तर मी प्रयत्न करायला तयार आहे. जिथे ऑपरेशन झालं तिथून मूळ नोंद आण."

मूळ नोंद आण! बोलायला काय जातं?

पहिल्या खेपेला खिडकी बंद होती. दुसऱ्या खेपेला क्लार्क म्हणाला, कॉम्प्युटर बंद आहे. तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटर चालू होता आणि क्लार्क रजेवर. आठवा महिना संपत आलेला, पाय सुजलेले, आणि दर वेळी तळघराच्या बावीस पायऱ्या उतरायच्या नि चढायच्या. चौथ्या खेपेला बारकी रडायच्या बेतात होती. रागाने, दुसऱ्या कशाने नाही.

तिने चिठ्ठी काढली. सतरा नंबर.

खिडकीवर पाटी होती, जेवणाची सुट्टी. ती बाकावर बसली.

तळघरात कुणी नव्हतं...

मग बाकाचं दुसरं टोक किंचित खाली गेलं. कुणीतरी बसल्यासारखं.

एक बाई होती. बारीक चणीची. अंगात हॉस्पिटलचा गाऊन, पायात काही नाही. दोन्ही हातांनी पोट धरलेलं.

वॉर्डातून आली असेल, बारकीला वाटलं.

"फार वेळ झाला का तुम्हाला?" तिने विचारलं.

"फार," बाई हळूच म्हणाली. "रोज येते. नंबर लागतो, पण ऐकूच जात नाही कुणाला."

बारकीला हसू आलं. तिचंही तेच चाललं होतं.

"फाईल मागू नकोस," बाई म्हणाली. "फाईल खाटेमागे जाते. थिएटरचं रजिस्टर माग. ते खाटेवर पडायच्या आधी लिहितात."

बारकी काही विचारणार, तेवढ्यात टिंग झालं. पाटीवर लाल आकडा उमटला.

सोळा.

"जा ना, तुमचाच असेल," बारकी वळून म्हणाली.

बाकावर कुणी नव्हतं...

जिन्यावर पावलं वाजली नव्हती. दार वाजलं नव्हतं.

जिथे ती बसली होती तिथलं लाकूड ओलं होतं. आणि कोमट.

"सोळा! सोळा नंबर!" क्लार्क जाळीमागून ओरडला. मग स्वतःशीच वैतागला, "रोज हा सोळा नंबर कोण काढतं आणि पळून जातं कोण जाणे. चला, सतरा!"

बारकी ओल्या बाकाकडे बघत उठली. तिने खिडकीशी जाऊन थिएटरचं रजिस्टर मागितलं. क्लार्कने कपाळाला आठ्या घातल्या, "ते कपाटाच्या वर आहे हो," म्हणाला, पण तिच्या पोटाकडे बघून स्टूल ओढलं.

त्या तारखेला दोनच सिझर होती. एकाखाली एक.

वर बारकीचं नाव. पायाळू, दिवस पूर्ण. पिशवीवर खालचा आडवा छेद.

खाली दुसऱ्या एका बाईचं नाव. सातवा महिना, बाळ आडवं. पिशवीवर उभा छेद.

बारकीला आनंद झाला. अगदी उड्या माराव्यात असा झाला. इतके महिने सगळ्यांनी तिला हट्टी ठरवलं होतं आणि ती बरोबर निघाली होती.

"ही खालची बाई..." क्लार्क चष्मा पुसत म्हणाला. "हिचा नवरा दोन वर्षं खेटे घालतोय. दुसऱ्या वेळी हिला नॉर्मलला घेतलं होतं. कार्डावर आडवा छेद लिहिलेला ना. कळांमध्ये पिशवी फाटली. ती गेली, बाळही गेलं. चूक कुठे झाली, एवढंच विचारतो बिचारा. फाईल काही सापडत नाही."

बारकीने ती खालची ओळ पुन्हा वाचली.

कारण तिला वॉर्ड आठवला.

पाच वर्षांपूर्वी तिला दाराजवळची चार नंबरची खाट मिळाली होती. दार सारखं आपटायचं आणि प्रत्येक आपटण्याला टाके ठणकायचे. दुसऱ्या सकाळी तिने खिडकीजवळच्या पाच नंबरच्या बाईला विचारलं होतं, "बदलायची का खाट?"

ती बाई बारीक चणीची होती. हळू बोलायची.

"घे गं. मला काय, मी कुठेही झोपते."

भिंतीला धरून धरून दोघींनी खाटा बदलल्या. सिस्टरला सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?

पण ऑपरेशनचे तक्ते खाटांना लटकवलेले होते. ते कुणी बदलले नाहीत. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने दोघींना नाव विचारून कार्डावर वर लिहिलं, आणि खाली छेदाची नोंद खाटेच्या तक्त्यावरून उतरवली.

बारकीने हे फक्त मला सांगितलं. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही. मी म्हटलं, "तुझी काय चूक? तक्त्यावरचं नाव सिस्टरने बघायला नको?" तिला पटलं नाही. खरं सांगू, मलाही पूर्ण पटलं नव्हतं.

रजिस्टरच्या पानाची नक्कल बघून डॉक्टरीणबाई तयार झाल्या. "पण बाळाच्या ठोक्यांचं मशीन सतत लावलेलं राहील. थिएटर तयार राहील. जरा शंका आली तरी मी थांबणार नाही, आणि तू हट्ट करायचा नाहीस."

"नाही करणार," बारकी म्हणाली. तिचा अर्धा हट्ट तळघरातच उतरला होता.

पहाटे कळा सुरू झाल्या. दुपारी दीडला त्या इतक्या वाढल्या की बारकीला दुसरं काही सुचेना. मी उशाशी होते, सिस्टर पायाशी, बाई मशीनकडे बघत. ठोके टपटप टपटप ऐकू येत होते.

मग बारकीला पोटावर हात जाणवला.

गार हात. बरोबर जुन्या टाक्यावर. शिवण उसवू नये म्हणून दोन बोटं ठेवून कापड धरावं, तसा.

"ताई, हात काढ. गार आहे," ती मला म्हणाली.

माझे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते...

मी ते तसेच घट्ट धरून ठेवले.

कळ आली की हात घट्ट व्हायचा. कळ गेली की सैल. बारकी घाबरून जोर लावेना. तिच्या डोळ्यांपुढे रजिस्टरची ती खालची ओळ होती. बाई ओरडल्या, "अगं, सगळं ठीक आहे, लाव जोर! अशी अडून राहिलीस तर मला आत न्यावं लागेल!"

आणि बारकीच्या कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं...

"टाका मी धरलाय. तू लाव जोर."

तिने डोळे मिटले आणि जीव एकवटून जोर लावला.

सव्वादोनला मुलगा झाला. नॉर्मल. भोकाड असं पसरलं की बाहेर सासूबाईंना ऐकू गेलं. बाईंनी त्याला थेट बारकीच्या छातीवर ठेवलं आणि तिने त्याला स्वतःच्या हातांनी धरलं. ती हसतही होती आणि रडतही होती.

पोटावरचा हात कधी गेला, ते तिला कळलं नाही.

इथे संपायला हवं होतं. पण बारकी गप्प बसणारी नाही.

मुलगा दोन महिन्यांचा झाल्यावर ती त्याला घेऊन पुन्हा त्या तळघरात गेली. मीही बरोबर होते. त्या बाईच्या नोंदीत दुरुस्ती करायची होती, म्हणजे तिच्या नवऱ्याला उत्तर मिळेल. क्लार्क म्हणाला, नातेवाईक लागतात. बारकी म्हणाली, अर्ज द्या. तो म्हणाला, नियम नाही. ती म्हणाली, मग मी रोज येते, मला वेळ आहे. माझी सहनशक्ती केव्हाच संपली होती. शेवटी पाचव्या खेपेला तो कंटाळला.

त्या दिवशीही तिने चिठ्ठी काढली होती. सतरा. मी पाहिली. मूठ मिटून ती बाकावर बसली.

टिंग.

सोळा.

क्लार्कने हाक मारली. कुणी उठलं नाही. सवयीने तो पुढचं बटण दाबणार, तोच बारकी उठली. मुलाला माझ्याकडे दिलं आणि खिडकीशी गेली.

"तुमचा सतरा ना?" क्लार्क म्हणाला.

"हो. पण सोळाचं काम मी करायला आलेय."

त्याने अर्ज सरकवला. त्यात एक रकाना होता, 'चूक कशी झाली'. बारकी बराच वेळ पेन धरून उभी राहिली. मग लिहिलं, "खाट मी मागितली होती." खाली सही केली, पत्ता लिहिला.

ते पान त्या नवऱ्याला मिळालं. तो एकदाच घरी आला. पाणी प्यायला, बाळाकडे बघितलं आणि निघून गेला. त्यावर मी काही सांगू शकत नाही.

पण अर्ज देऊन आम्ही जिना चढलो, तेव्हा बाहेरच्या उजेडात बारकीने मूठ उघडली...

चिठ्ठी जुनी होती. पिवळी, मऊ, वर्षानुवर्षं हातात चुरगळल्यासारखी.

तिच्यावर सोळा लिहिलं होतं.

मी तिची पर्स पाहिली, बाळाचं दुपटं झटकलं, परत खाली जाऊन बाकाखालीही शोधलं. सतरा नंबर कुठेच नव्हता. त्या बाईने स्वतःची जागा पुन्हा एकदा हिला देऊन टाकली, की या वेळी हिची जागा घेतली? बारकी म्हणते, दिलीच असेल, ती तशीच होती. मी मान डोलावते.

चिठ्ठी माझ्या कपाटात आहे. टाकायचा धीर होत नाही. परवा बारकी सहज म्हणाली, "ताई, मला पुन्हा दिवस गेलेत बहुतेक."

सोळा नंबर हिच्या हातात आलाय, आणि सोळा नंबरची बाई बाळंतपणातच गेली होती. त्यानंतर मला झोप नाही.