बंडोपंत उडत नाहीत

संक्रांत उलटून गेली, तरी पंचवटीतल्या झाडांवरचा नायलॉन मांजा काही उतरला नव्हता. नदीकाठच्या पिंपळाखाली उत्तरा कॅमेरा रोखून उभी होती. वर एक कावळा पंखाने लटकला होता आणि तडफडत होता. तिच्या माहितीपटाला नेमकं असंच दृश्य हवं होतं. ते मिळालं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तुमचं शूटिंग झालं असेल तर जरा ही शिडी धरता का?”

मागे एक तरुण उभा होता. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, खांद्यावर जुना टॉवेल. तिने निमूटपणे शिडी धरली. तो वर चढला, तसे इतर कावळे त्याच्या डोक्यावर टोचे मारू लागले.

“अहो, लागतंय तुम्हाला…”

“मला सवय आहे. तुम्ही शिडी सोडू नका म्हणजे झालं.”

तो तनय. रामकुंडाजवळच्या गुरुजींच्या घरातला. वडील दशक्रिया विधी करायचे. हा बँकेत नोकरी करायचा आणि गॅलरीत जखमी पाखरं सांभाळायचा. “दहाव्याला ज्याच्यापुढे हात जोडतात, त्यालाच अकराव्याला दगड मारतात,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. कावळ्याला मांज्यातून सोडवून शिडीवरून उतरेपर्यंत त्याने त्याचं नावही ठेवून टाकलं होतं — बंडोपंत.

आता उत्तराविषयी. ती लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरायची. दिवसभर लोकांच्या मामा-मावश्या, करवल्यांचे नखरे, जावयांचे रुसवे बघायचे आणि संध्याकाळी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये एकटीपुरता भात लावायचा. आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. अर्ध्या नाशिकची वऱ्हाडं तिला तोंडपाठ होती, पण त्यातलं एकही माणूस तिला ओळखत नव्हतं. मांज्याने कापलेल्या पाखरांवरचा हा माहितीपट मात्र तिचा स्वतःचा होता. पतंगांचं खरं वेड येवल्यात, म्हणून पुढच्या संक्रांतीआधी तो तिथल्या शाळांमधून दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं.

मग दर रविवारी ती तनयच्या गॅलरीत जाऊ लागली.

“कॅमेऱ्याकडे बघू नका हो. शॉट वाया जातोय.”

“मी कॅमेऱ्याकडे कुठे बघतोय?”

फोकस बिघडल्याचं निमित्त करून उत्तराने मान खाली घातली. तनय बंडोपंतांना भरवत राहिला, पण कान लाल झाले होते ते त्याचेच.

“पुढच्या रविवारी काय शूट करायचंय?”

“टाके काढल्यावरचा पंख.”

“आणि त्याच्या पुढच्या?”

“बघू… काहीतरी उरेलच.”

“उरू दे,” तो म्हणाला.

खरं तर होळीपर्यंतच हवं ते सगळं चित्रण झालं होतं. पण माहितीपट संपला की रविवारही संपणार होते. म्हणून ती नवनवे शॉट शोधून काढायची. कधी वाटी, कधी पाय, तर कधी गॅलरीतलं ऊन. बाई कावळ्याच्या नखांचं सुद्धा वेगळं चित्रण करते, तेव्हा काहीतरी शिजतंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दिसलं नाही ते या दोघांनाच.

श्रावणातल्या एका रविवारी पाखरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पंखाचा सांधा कायमचा गेलाय, आता उडणं नाही. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तनय बंडोपंतांच्या पाठीवरून बोट फिरवत होता. उत्तराच्या डोक्यात मात्र माहितीपटाचा शेवट घोळत होता. मुलांना उडणारं पाखरू दाखवायला हवं, नाहीतर ती हिरमुसून घरी जातील.

“दुसरा एखादा उडताना दाखवू या का? कोणाला कळणार आहे? कावळे सगळे सारखेच दिसतात…”

तनयने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“हे दुसरं कोणी म्हणालं असतं तर मला काही वाटलं नसतं,” तो म्हणाला आणि बंडोपंतांना घेऊन आत गेला.

त्यानंतर ती गेली नाही आणि त्यानेही फोन केला नाही. रविवारी घर खायला उठायचं. दोन माणसं एकाच गावात राहून एकमेकांवाचून किती झुरू शकतात, त्याला सुमार नाही.

मग ती एकटीच माहितीपट जुळवत बसली. पुन्हा पुन्हा पाहताना तिला बंडोपंत दिसायला लागले. चिवड्यातला शेंगदाणा तेवढा निवडून खाणारे, तनय कामावर निघाला की पाठ फिरवून बसणारे. इतके महिने तिने त्यांचा पंखच फक्त पाहिला होता. तिला स्वतःची फार लाज वाटली. शेवट तिने खराच ठेवला: बंडोपंत कठड्यावर चढतात, आकाशाकडे बघतात, पंख उघडू पाहतात आणि खाली उतरून भात खातात.

येवल्याच्या शाळेत माहितीपट संपला तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. मागे एका मुलाने दप्तरातला नायलॉनचं रीळ काढून बाईंच्या टेबलावर ठेवलं. मग दुसऱ्याने ठेवलं. थोड्या वेळात टेबलावर ढीग झाला. पुढच्या रांगेतली एक मुलगी मात्र जागची हलली नव्हती.

“म्याडम, त्यो कावळा आता एकलाच ऱ्हातो का?”

“विचारून सांगते,” उत्तरा म्हणाली.

संध्याकाळी बसमधून उतरली ती थेट पंचवटीत गेली. दार तनयनेच उघडलं. तो वाळला होता.

“आज बुधवार आहे,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे… तेव्हा मी चुकीचं बोलले. ते उडत नाहीत, असाच शेवट ठेवलाय.”

मग तिने त्या मुलीचा प्रश्न सांगितला.

“एकटे कसले! रोज सकाळी एक कावळीण येऊन शेजारी बसते.”

“कावळीण कशावरून?”

“ती यायच्या आधी बंडोपंत चोच घासून ठेवतात.”

उत्तराला हसू आलं.

“आणि तुमच्याकडे कोण येतं?”

“यायचं एक माणूस. शूटिंग संपलं, तसं यायचं बंद झालं.”

“शूटिंग होळीलाच संपलं होतं, तनय.”

“मग श्रावणापर्यंत…?”

“तुमच्यासाठी येत होते,” ती म्हणाली. “मला एकटीला फार कंटाळा आलाय हो.”

“मलाही,” तो म्हणाला आणि तिला आत येता यावं म्हणून दारातून बाजूला झाला.