न पडलेल्या माणसांची वर्गणी

खंडेनवमीच्या दिवशी वाघजाळी गावात नांगर आणि कोयत्याबरोबर दोराचीही पूजा होते. समाजमंदिराच्या ओट्यावर शोधपथकाचे दोर, कप्प्या आणि जखमींना वाहून नेण्याची झोळी मांडली जाते. वर्षभरात कड्यावरून पडलेल्या ज्यांना पथकाने जिवंत वर काढले, ती माणसे त्या दिवशी आपण होऊन येतात, दोरावर हात ठेवतात आणि ताटात यथाशक्ती काही टाकतात. पथकाचे वर्ष त्यावरच निघते. आपण होऊन कोणापुढे हात पसरायचा नाही, ही जुन्या लोकांनी घालून दिलेली रीत आजवर कोणी मोडली नव्हती.

त्या सकाळी पथकाचा म्होरक्या देवराम धिंदळे ओट्याच्या पायरीवर बसला होता. परंतु त्याचे बूड एका जागी ठरत नव्हते. तो उठे, रस्त्याकडे पाही आणि पुन्हा बसे. ताटात हळदकुंकू आणि झेंडूच्या फुलांखेरीज काही नव्हते.

इतक्यात वर कड्याच्या अंगाने एक बारीक, लांब शिट्टी ऐकू आली.

"वाचला एक," दोराला फूल वाहता वाहता चिंधू पोटकुले म्हणाला. "आता साठ्येबाई त्याचा शिनेमा काढतील."

"गप रं," देवराम म्हणाला.

कड्याच्या काठाकाठाने हातभर लांबीचे पोलादी खिळे ठोकलेले होते. गावात त्यांना कानखिळे म्हणत. खडकाच्या पोटात केसाएवढी भेग सरकली, तरी तिची कुरकुर त्यांना ऐकू येई. माणसाच्या पावलाचा भारही त्यांना कळे. ही दोन्ही प्रकारची माहिती दूर शहरातल्या संगणकाकडे जाई, आणि दगड सुटण्यापूर्वीच त्या जागी शिट्टी वाजे. माणूस दचकून मागे सरे. तीन पावसाळे उलटले, कड्यावरून एकही माणूस पडला नव्हता.

आणि म्हणूनच दोरावर हात ठेवायलाही कोणी येईनासे झाले होते. शिट्टी ऐकून मागे सरलेला माणूस फोटो काढी, पायथ्याशी भजी खाई आणि घरी जाई. आपल्याला कोणी वाचवले, हे त्याच्या गावीही नसे. इकडे पहिली काही वर्षे फुकट दिलेल्या संगणकसेवेची मुदत दिवाळीला संपत होती. पुढची रक्कम भरली नाही, तर खिळे बहिरे होणार होते. त्याचा अर्थ देवरामला कागदावर वाचावा लागत नव्हता. झोळी ज्या खांद्यावर घेतली, तो खांदा अजून थंडीत दुखत असे.

खिळे बसवणाऱ्या अभियंता मृण्मयी साठ्ये यांनीच श्रावणात उपाय सुचवला होता. शिट्टी वाजताना संगणक पुढे काय घडले असते, याचा हिशेब करतोच. त्याच हिशेबाचे चित्र का काढू नये? दगड सुटतो, पाय जातो, माणूस दरीत नाहीसा होतो, असा अर्ध्या मिनिटाचा चित्रपट. मृण्मयीने त्याला 'अघटितपट' असे नाव दिले. जो मागे सरला, त्याने पायथ्याशी नोंदवलेल्या फोनवर त्याचाच अघटितपट जाई आणि खाली लिहिलेले असे: हे घडले नाही, पथकाला मदत करा.

मदत येऊ लागली. ताट रिकामे राहिले, पण खाते भरू लागले. देवरामने एक अघटितपट पाहिला होता. त्यानंतर दुसरा पाहण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते. आपण हात पसरत नाही, हे खरे. पण आपण लोकांना काय दाखवतो आहोत, हा प्रश्न त्याच्या मनात मुंगीसारखा फिरत होता.

उन्हे चढली तेव्हा एक जोडपे ओट्यापाशी येऊन उभे राहिले. नारायणगावचे नंदकिशोर शेटे आणि त्यांची पत्नी सुलभा. भाद्रपदात शिट्टी ऐकून दोघेही मागे सरले होते. देवरामचा चेहरा उजळला. कोणीतरी आपल्या पायांनी आले होते.

"या, बसा. चिंधू, च्या सांग."

"चहा नको," नंदकिशोर म्हणाले. "तुमच्या त्या चित्रपटात माझा हात पुढं का गेला नाही, तेवढं सांगा."

देवरामला काही उमगेना. ओट्याच्या कोपऱ्यात टॅब घेऊन बसलेली मृण्मयी उठून पुढे आली. तिने पट शोधला. पडद्यावर सुलभाच्या पायाखालचा दगड सुटत होता. ती दरीत जात होती. तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर नंदकिशोर दोन्ही हात अंगाशी धरून उभे होते.

"महिना झाला," ते म्हणाले, "ही माझ्याशी कामापुरतं बोलते. जे मी केलंच नाही, त्याची शिक्षा भोगतोय मी."

"काही बोलले का मी तुम्हाला?" सुलभा म्हणाली.

"तेच तर."

मृण्मयीने घसा साफ केला. "शेटे, खिळ्यांना फक्त पाय आणि दगड कळतात. तेवढं पक्कं असतं. हात त्यांना दिसत नाहीत. अशा वेळी पुष्कळशी माणसं काय करतात, त्यावरून यंत्र ते अंदाजानं भरतं."

"म्हणजे पुष्कळशी माणसं हात देत नाहीत?" सुलभाने विचारले.

"दचकतात. तेवढ्यात वेळ निघून जाते."

"मग माझा हात पुढं करून द्या," नंदकिशोर म्हणाले. "अंदाजच आहे ना? बदला."

मृण्मयीने देवरामकडे पाहिले आणि मग पडद्यावर बोट फिरवले. या वेळी चित्रातल्या नंदकिशोरने झेप घेऊन पत्नीचे मनगट पकडले. पुढच्याच क्षणी दोघेही दरीत गेले. पाय आणि दगड यांचा हिशेब बदललेला नव्हता.



"हे चालेल," नंदकिशोर हळूच म्हणाले. "हे हिला पाठवा."

"मी इथंच उभी आहे, अहो," सुलभा म्हणाली. मग ती देवरामकडे वळली. "मामा, मला ती जागा बघायचीय."

देवरामने नाही म्हणायला हवे होते. परंतु इतक्या दिवसांनी कोणी दारी आले होते, आणि आलेल्याला विन्मुख पाठवणे त्याच्याच्याने होईना. त्याने पूजेतले दोर उचलले. चिंधू कुरकुरला, "नवमीचा दोर हलवू नये, देवा." देवरामने ऐकले नाही.

मृण्मयीही टॅब घेऊन मागोमाग आली. वर पोहोचताच देवरामने नवराबायकोच्या कमरांना दोर बांधले आणि त्यांची टोके हिरड्याच्या बुंध्याला वेढा देऊन चिंधूच्या हाती सोपवली. त्या दगडावर पथकाने केव्हाच लाल फुली मारली होती. देवरामने सर्वांना फुलीपासून चांगले लांब उभे केले आणि सुलभाचा दोर मधोमध आपल्या मुठीत धरून ठेवला.

"इथनं बघा. म्होरं जायाचं न्हाई."

वारा सुटला होता. सुलभाने खाली पाहिले, फुलीकडे पाहिले, आणि कोणी काही म्हणण्यापूर्वी, देवरामच्या मुठीतून दोर सरसर ओढून नेत, सरळ चालत जाऊन फुलीवर उभी राहिली.

शिट्टी वाजली.

तीन वर्षांत देवरामने ही शिट्टी शेकडो वेळा ऐकली होती. ती ऐकून न सरलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. सुलभा सरली नाही. ती वळली आणि नवऱ्याच्या हातांकडे पाहू लागली. नंदकिशोर तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. त्यांचे हात हलत होते की नुसते कापत होते, हे सांगणे कठीण होते.

देवरामने दोर ओढला. सुलभा त्याच्या अंगावर येऊन आदळली, दोघेही गवतात कोलमडले, आणि मागे तो दगड अगदी निवांतपणे, जणू त्याला कसलीच घाई नव्हती, काठावरून सरकला. तळाचा आवाज यायला बराच वेळ लागला.

नंदकिशोर मटकन खाली बसले. "मी येतच होतो," ते म्हणाले. "देवाशप्पथ, येतच होतो."

सुलभा गवतात पडल्या पडल्या त्यांच्याकडे पाहत राहिली. "शिट्टी ऐकू आली होती मला," ती म्हणाली. "पण म्हटलं, बघूया."

मृण्मयीच्या हातातला टॅब किणकिणला. नवा अघटितपट तयार झाला होता.

"दाखवा," नंदकिशोर म्हणाले.

"नको," सुलभा म्हणाली. पण तिची नजरही टॅबकडेच होती.

देवराम उठला. त्याच्या तळहाताची साल निघाली होती. एक गोष्ट त्याला आता स्वच्छ दिसत होती. शिट्टी वाजली की मागे सरायचे, एवढेच माणसाला ठाऊक होते तोवर शिट्टी माणसाला वाचवीत होती. या बाईला शिट्टीनंतरचे सारे दाखवले गेले, आणि ती शिट्टीनंतर थांबायला शिकली.

"बाई, हे पुसून टाका," तो म्हणाला. "ह्यो बी, आन् मागचं समदं बी. आजपासनं कुणाला काय धाडायचं न्हाई."

"धिंदळेमामा, जमलंय ते निम्म्यालाही पुरणार नाही. दिवाळीनंतर खिळे बंद पडतील."

"मागू लोकांकडं."

"काय सांगून मागणार? दाखवायला आपल्याकडं काहीच नाही. कोणी पडलंच नाही."

देवरामने टॅबकडे बोट दाखवले. मृण्मयीने पडद्यावर बोट दाबून सारे पट पुसले आणि टॅब पिशवीत टाकला. नंदकिशोर उठले. सुलभाने आपल्या कमरेची गाठ सोडण्याचा प्रयत्न केला; ती सुटेना, तेव्हा ते पुढे झाले. तिने त्यांना सोडू दिली. उतरताना मात्र दोघे एकामागून एक चालत होते, आणि त्यांच्यातले अंतर कमी झाले की वाढले, हे मागून चालणाऱ्या देवरामला ठरवता आले नाही.

पायथ्याच्या भज्यांच्या टपरीवर सुटीची गर्दी होती. बाकावर एक अनोळखी गृहस्थ बुटातले खडे झाडीत बसले होते. शेजारी त्यांची आई मिरचीचे भजे फुंकून खात होती. देवराम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मागून चिंधू डोळे विस्फारून पाहत होता.

"काय हवंय, काका?" गृहस्थांनी विचारले.

देवरामने सोललेला तळहात पुढे केला. तो पुरता उघडेना.

"दादा, वर कड्यावर जाऊन आलात, आन् तुम्हाला काहीच झालं न्हाई," तो म्हणाला. "त्याबद्दल पथकाला काय द्याल का?"