गाठ पार होताना

क्लाइंबिंगच्या ग्रुपमधून मला काढलं, कारण दोराच्या टोकाला गाठ न मारणाऱ्या लीडरला मी सगळ्यांसमोर झापलेलं. गेले उडत! वर्षभर मग दर रविवारी शहाडहून एकटीच मलंगगडाकडच्या कातळावर जायचे. दोन दोर पाठीवर तसेच. एकटीला दोर धरणार कोण?

"एकट्याच?" त्या रविवारी मागून कुणीतरी विचारलं. ठाण्याचा होता, टेंभी नाक्याचा. नाव सौमित्र. "माझा पार्टनर आला नाही. चढायचं?"

"आधी गाठ मारून दाखवा."

मारली. पक्की होती… बोटंही छान होती.

साठ मीटरवरच्या कपारीपर्यंत मजेत पोचलो. पुढे तो निघाला, पाय सटकला आणि परत कपारीवरच आदळला. घोटा वाकडा, चेहरा पांढराफटक.

मी बोंब मारली. पायथ्याचे चहावाले नाथाकाका रस्त्यावर रिक्षा थांबवून कातळाखाली धावत आले. पण सौमित्रला त्यांच्यापर्यंत सोडायला एक दोर पुरेना. दोन जोडले. आता ती जोडगाठ दोर रोखणाऱ्या ब्रेकच्या कडीतून जाणार नाही. म्हणजे मध्येच त्याचं सगळं वजन बारीक दोरीच्या फासावर टांगायचं, दोर कडीतून काढायचा, गाठीपलीकडून परत घालायचा. शिकलेले. जिवंत माणसावर केलं नव्हतं.

त्याच्या छातीलाही पट्टा बांधून त्याला खाली सोडत गेले. गाठ आली. फास ताणला… करकरला.

"बोलत राहा!" मी ओरडले. "बेशुद्ध पडलास तर बघ!"

"काय बोलू?"

"काहीपण!"

"पार्टनर-बिर्टनर कुणी नव्हताच… तीन रविवार बघतोय तुला. विचारायची टरकत होती."

"आणि आता सांगतोस? लटकून?"

"आता तू उठून जाऊ शकत नाहीस ना!"

"गप्प बस, नालायका—" हसता हसता डोळे भरले. "नको… गप्प नको बसू. बोल."

गाठ पार झाली. फास सैल केला. दोर सरकत राहिला, आणि एकदम हलका झाला. पोचला तो. कपारीवर मी आणि वारा. वर्षभर असंच तर होतं… मग आजच का सहन होईना?

"दोर सोड!"

"नाही सोडत!"

"येड्या, तो मोकळा झाल्याशिवाय मी उतरू कशी?"

मग दोर वाऱ्यावर झुलला.

"सोडला गं… ये."

मी दोराला कडी लावली आणि सगळा जीव एकवटून ओरडले,

"काका, मी आल्याशिवाय रिक्षा हलवायची नाही!"