अर्थ क्रमांक एक

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि इंग्रजी-मराठी कोशाचं अख्खं 'एन' अक्षर पायऱ्यांवर पसरलं. चिठ्ठ्या तिच्या, ती कोशात शब्दांचे अर्थ लिहायची. धक्का त्याचा, तो वरच्या मजल्यावर मुद्रितं तपासायचा. लोकांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस स्वतः मात्र समोर बघून चालत नव्हता!

"माफ करा..." चिठ्ठ्या गोळा करताना तो थबकला. "'नाइस'ला एवढी मोठी चिठ्ठी?"

"भानगडच मोठी आहे. मुळात अर्थ – ज्याला काही कळत नाही असा. मूर्ख. मग लाजरा, मग चोखंदळ, आणि कितीतरी वर्षांनी छान."

"म्हणजे मूर्खालाही चांगले दिवस येतात?"

"वाट बघायची तयारी हवी."

तो हसला, आणि ती तिथेच फसली.

मग सहा महिने मुद्रितांच्या समासात त्याचे शेरे आणि तिची उत्तरं रंगत गेली. शेवटी तिनं मनाचा हिय्या केला, गठ्ठ्यात एक चिठ्ठी सरकवली: 'तुम्ही मला आवडता. दुरुस्ती असल्यास कळवावी.'

चिठ्ठी दुसऱ्या दिवशी परत आली. खाली लाल शाईत एकच शब्द – नाइस.

ती चिठ्ठी तिनं घरी नेऊन दाखवली.

"ताई, हा नकारच गं," धाकट्या बहिणीनं निकाल दिला. "नको असलेल्या मुलांना मी हेच म्हणते."

दोन दिवस ती मागच्या जिन्यानं गेली. तिसऱ्या दिवशी त्यानं तिथेही गाठलं.

"तुम्ही काही बोललाच नाहीत..."

"काय बोलणार? छान म्हणालात, विषय संपला."

"छान?" तो गडबडला. "अहो, अर्थ क्रमांक एक! काही न कळणारा! तो शेरा माझ्यावर होता. सहा महिने मी झुरतोय, आणि मला कळलंच नाही की तुम्हालाही..."

"तुम्हाला*ही*?"

त्याचे कान लाल झाले. "हो... मलाही."

ती भिंतीला टेकली. छातीवरचा धोंडा उतरला, आणि तिला इतकं हसू आलं की डोळे भरले. "अर्थाचा क्रमांक लिहायचा असतो हो! जीव गेला असता माझा."

"चुकलो. पण दुरुस्ती राहिलीय... 'तुम्ही'च्या जागी 'तू'."

"मग 'आवडता'ही बदलावं लागेल."

"बदला ना."

त्याच्या खिशातलं लाल पेन तिनं हळूच काढून घेतलं.

"बदला नाही रे," ती म्हणाली. "बदल."