दुर्गोत्सवातला डायनासोर, भाग तिसरा

यवतमाळच्या भर चौकात डायनासोरनं सुरभीची ओढणी तोंडात धरली, तेव्हा तिला कॉलेजात पोचायला आधीच उशीर झाला होता.

डायनासोर म्हणजे त्याचं नुसतं डोकं. ते एका छोट्या टेम्पोवर दोरखंडानं बांधून चाललं होतं. परतीच्या पावसाची भुरभुर होती म्हणून वर ताडपत्री होती. सिग्नलला गाडी थांबली, मागं सुरभीची स्कूटी थांबली, आणि नेमकी जबड्याला बांधलेली सुतळी सुटली. जबडा उघडला, वाऱ्यानं ओढणी आत गेली, जबडा मिटला. यवतमाळकर अशा वेळी मदत करत नाहीत असं नाही. आधी नीट पाहून घेतात, एवढंच.

ताडपत्रीखालून एक तरुण उतरला. केसांत थर्माकोलचा भुगा, हातात पक्कड. त्यानं जबड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, हलू नका. दात ओले हायेत अजून."

ओढणी सुटली, पण दातांची एक पांढरी रांग घेऊनच. तरुणानं ओढणीकडे पाहिलं, मग सुरभीकडे… मग पुन्हा ओढणीकडे, आणि कारागिराच्या समाधानानं म्हणाला की रंग मात्र चांगला धरला. सुरभीनं राग गिळला नाही. तो ती कॉलेजात घेऊन गेली आणि द्वितीय वर्षाच्या मुलांना त्यातच अलंकार शिकवले. ती तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होती; पगार वेळेवर मिळत नसला तरी राग वेळेवर येई.

संध्याकाळी दुर्गोत्सव मंडळाच्या बैठकीला गेली, तर तोच तरुण तिथं बसलेला.

इथं थोडा इतिहास सांगायला हवा. यवतमाळात दुर्गोत्सवाचा देखावा ही साधी गोष्ट नाही. त्यावर गल्लीची अब्रू ठरते. सुरभीच्या मंडळानं दोन वर्षांपूर्वी डायनासोर उभा केला होता. जंगलात वाट चुकलेल्या बहीणभावामागं तो धावतो, देवी प्रकट होते, तो मान खाली घालतो. बस. निवेदन सुरभीनं लिहिलेलं, आवाजही तिचाच. बाभुळगावची माणसं ट्रॅक्टर करून पाहायला आली. लेकरं किंचाळली, आयांना धन्य वाटलं. मग यश मिळालं की जे होतं तेच झालं. दुसरा भाग निघाला.

अध्यक्ष विठ्ठलरावांना मधल्या काळात शोध लागला होता की बक्षीस सामाजिक संदेशाला मिळतं. त्यामुळे दुसऱ्या भागात डायनासोर बोलला, तोही सुरभीच्याच आवाजात. पोरांचा पाठलाग करता करता त्यानं पाणी अडवा, झाडं जगवा, हेल्मेट घाला असं सांगितलं. ज्याचं सगळं खानदान आभाळातून दगड पडून संपलं, त्यानं हेल्मेटवर बोलावं यात काही तर्क होता; पण लोकांना तो भिडला नाही. लेकरं घाबरली नाहीत. मोठी माणसं मात्र घाबरून पुढच्या मंडळाकडे गेली. बक्षीस मिळालं.

तर आता तिसरा भाग. विठ्ठलरावांनी ओळख करून दिली. हा इंद्रजित, महागावचा, मूर्ती आणि देखावे करतो. आधीचे दोन्ही भाग त्यानं पाहिले आहेत. कसे वाटले, असं त्यांनी कौतुक ऐकायच्या तयारीनं विचारलं. इंद्रजित म्हणाला, पहिला एक नंबर होता. दुसऱ्यात डायनासोरचा काही दोष नव्हता, "पण त्याच्या तोंडात जे कोंबलं होतं ना, त्यानंच मेला तो."

सगळ्यांनी सुरभीकडे पाहिलं.

"मीच कोंबलं होतं," ती म्हणाली.

इंद्रजितनं जीभ चावली. पण शब्द मागं घेतले नाहीत, आणि सुरभीला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला.

मग रोज कॉलेज सुटलं की ती संहितेचे कागद घेऊन मंडळाच्या टिनाच्या शेडमध्ये जाऊ लागली. तो गोणपाटावर खळ लावत असे. ती वाचत असे. हे वाक्य काढा, म्हणून तो सांगे. ती काढत नसे. दुसऱ्या दिवशी तिलाच ते वाचवेनासं होई आणि ती काढून टाकी, हे त्याला कळलंय हे तिला दिसे, आणि आणखी संताप येई. टिनावर पाऊस वाजायला लागला की दोघांना ओरडून बोलावं लागे. सगळ्या गल्लीला वाटलं, यांचं जाम भांडण चालू आहे. ते चालूच होतं म्हणा… पण पाऊस थांबला तरी ती उठत नसे.

एकदा तो डोळा बसवत होता. तिला म्हणाला, जरा समोर उभ्या राहा, नजर कुठं पडते पाहू द्या.

"माझ्यावर पडते," ती म्हणाली.

"मंग बरोबर हाय."

"काय बरोबर हाय?"

"डोळा…" असं म्हणून तो शिडीवरून दुसऱ्या बाजूनं उतरला, आणि मग बराच वेळ शेपटीत काहीतरी दुरुस्त करत राहिला. शेपटी चांगली होती.

तेवढ्यात घरात अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा इंजिनीअर, स्वतःचा फ्लॅट, स्वभावानं शांत. त्यांचा होकार होता. सुरभीचे वडील नानाजी दसऱ्याला उत्तर कळवणार होते. नाही म्हणायला घरात तिच्याकडे एकही कारण नव्हतं. जे होतं ते शेडमध्ये खळ ढवळत होतं, आणि त्याच्या तोंडून काही निघेना. शेवटी तिनंच त्याला सांगितलं. स्थळ, फ्लॅट, दसरा, सगळं. मग थांबली. भरपूर थांबली.

इंद्रजित खवले चिकटवत होता. एक खवला उलटा लागला. म्हणाला, "अमरावती काई दूर नाई तशी… एसटीनं."

त्या दिवशी सुरभी घरी गेली आणि तिच्या आईनं, विमलताईंनी, काही विचारायच्या आत म्हणाली, की आई, मले काही विचारू नको. आईनं विचारलं नाही. आयांना न विचारता कळतं, हा मुलींना होणारा सगळ्यात मोठा त्रास आहे.

घटस्थापनेला देखावा सुरू झाला. दोघांनी मिळून विठ्ठलरावांना पटवलं होतं की यंदा डायनासोर गप्प राहील. संदेश बाहेर फ्लेक्सवर. गोष्ट अशी की या वेळी वाट चुकतो तो डायनासोरच, आणि पोरंच त्याला देवीपर्यंत घेऊन येतात. डोकं हललं, डोळा फिरला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि पडद्यामागं उभ्या असलेल्या दोघांना बाहेर पडणाऱ्या गर्दीचं बोलणं ऐकू आलं. ठीक आहे. बरा आहे. पण पहिल्यासारखी मजा नाही. एका आजोबांनी तर पहिला डायनासोर दुमजली घराएवढा होता असं शपथेवर सांगितलं. तो यंदाच्यापेक्षा हातभर बुटका होता.

इंद्रजितचा चेहरा पडला. "तुमी खरं सांगा," तो म्हणाला, "पयल्याइतका झाला का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यानं तिच्याशी ते कधी केलं नव्हतं.

"नाही झाला," सुरभी म्हणाली. "दुसऱ्यापेक्षा लाखपट चांगला हाय. पण पहिल्यांदा लोकांना माहीत नव्हतं, का पडदा उघडल्यावर काय निघन. आता माहीत हाय. तेच लोक दुसऱ्यांदा तसे दचकत नाहीत. यात तुमची चूक नाही."

तो गोणपाटाचा धागा ओढत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी पयल्या टायमाले तीनदा आलतो पाहाले. दुसऱ्यांदा आलो तवा डायनासोर पाह्यलाच नाई… भोंग्याखाली उभा राहून आवाज ऐकला. कोनाचा हाय म्हनून इचारलं बी. म्हनून तर हे काम घेतलं."

सुरभीची कानशिलं तापली. "मग बैठकीत सगळ्यांसमोर नावं काहून ठेवली?"

"तो आवाज हेल्मेटवर वाया घातला होता. मले राग आलता."

याच्यापुढं माणूस एक वाक्य आणखी बोलतो. इंद्रजित बोलला नाही. पुढच्या खेळाची घंटा झाली आणि तो मोटर सुरू करायला गेला.

दसऱ्याला एक मोठी सोय असते. हातात आपट्याची पानं असली की कोणीही कोणाच्याही घरात जाऊ शकतो. संध्याकाळी इंद्रजित आला. इस्त्रीचा शर्ट, केसांत भुगा नाही. नानाजींना सोनं दिलं, पाया पडला, विमलताईंना दिलं, पाया पडला, आणि बसला. नानाजींनी विचारलं, डायनासोरचं कातडं कशाचं? त्यानं सांगितलं. मान कशानं फिरते? जीपच्या वायपरची मोटर. चहा झाला, चिवडा झाला, पुन्हा चहा झाला. नानाजी अमरावतीला फोन करायचाय म्हणून मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते, आणि हा माणूस कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद किती घालावा ते समजावत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या सुरभीनं ऐकलं, ऐकलं… आणि तो शेपटीवर आला तेव्हा ती बाहेर आली.

"बाबा, अमरावतीला नाही म्हणून कळवा. हे मले मागायले आले हायेत. शेपटीपासून तिथपर्यंत पोचायले यांना दिवाळी लागन."

इंद्रजित उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

नानाजींनी मोबाइल शांतपणे बाजूला ठेवला. "माहीत हाय मले. नुसतं सोनं द्यायले कोनी इतका चहा पीत नाही. मी पाहून राह्यलो होतो, का हा पोट्टा कितीक वेळ काढते. आता बोल बापा, तुझ्या तोंडून ऐकू दे."

"मले…" इंद्रजित म्हणाला. "मले सुरभी पाहिजे. म्हंजे… तिची मर्जी असन तर."

सुरभीनं कपाळाला हात लावला. "माझी मर्जी नसती, तर मी तुम्हाला दुसरा चहा दिला असता काय?"

त्याच्या उजव्या मुठीत तिच्यासाठी ठेवलेली पानं होती. आल्यापासून तो ती घट्ट धरून बसला होता. घामानं ओली होऊन त्यांचा पार लगदा झाला होता. त्यानं मूठ उघडली, पाहिलं, आणि ओशाळून पुन्हा मिटायला लागला. सुरभीनं मिटू दिली नाही.