खालची चौकट

दगडाच्या खालच्या चौकटीत, उजव्या काठाशी, मोहरीएवढी एक पोकळी होती आणि तिच्यात पांढरे, सुईसारखे बारीक स्फटिक दाटले होते. काळ्या पाषाणात असे दोष असतातच; टाकी जरा तिरपी लागली की भोवतालचा कपचा उडतो. पहाटेचा उजेड तळकोट गडाच्या तटावरून खाली उतरला की वामोज पाथरवट त्या पोकळीकडे पाहत बसे. लोकांना वाटे, दोष कसा चुकवावा याचा विचार चालला आहे.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड, वरून खाली कोरतात, म्हणजे कपच्या झालेल्या कामावर पडत नाहीत. कलश झाला होता, त्याखाली शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर झाला होता, त्याखाली त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सराही झाल्या होत्या. हे कोणी पाहिलेले नसते, म्हणून कोरताना हात अडत नाही. वीर कसा पडला ते खालच्या चौकटीत येते. तेवढेच माणसांनी पाहिलेले असते.

आजवर वामोजाने तेही न पाहताच कोरले होते. कोणी सांगावे, त्याने तीच मिशी आणि तीच तलवार उठवावी. अशा कामाला काय अर्थ, असे अलीकडे त्याला वाटू लागले होते. एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेले कोरावे, एवढीच त्याची इच्छा होती.

ती गडाला पडलेल्या वेढ्यात पुरी झाली. दुर्गपाल आसदेवाने शत्रूशी संधान बांधले होते. ठरल्याप्रमाणे चोरदरवाजाचा अडसर काढायला तो एका भालाइतासह गेला, तेव्हा पहाऱ्यावरचा गोंदनायक आडवा झाला, "स्वामी, आधी मला ओलांडा," म्हणाला, आणि बाहेरची चाहूल घ्यायला वळला तोच भालाइताने त्याच्या पाठीत भाला घातला. पडता पडता नायकाने शिंग फुंकले. गड जागा झाला, हल्ला फसला, आणि ज्यांना आत घ्यायचे होते त्यांच्यावरच आसदेवाला तलवार उपसावी लागली. जय त्याच्या नावावर लागला. चोरदरवाजाजवळच्या टाक्यावर पहाटेच्या अंधारात पाणी भरणाऱ्या वामोजाने नायकाचा घात पाहिला. तो टाक्याच्या काठाआड दबून राहिला होता.

आता या दगडासाठी आसदेवाची आज्ञा होती: नायक शत्रूशी समोरासमोर लढताना दिसावा, आणि शेजारी छत्राखाली, त्याला सावरणारा, स्वतः दुर्गपाल. वामोज रोज उद्यावर ढकलत होता.

त्या सकाळी नायकाची बायको देमाई मुलाला कडेवर घेऊन आली.

"काका, घाव कुठे होता ते मला ठाऊक आहे. शेवटची अंघोळ मीच घातली."

"मीही पाहिलंय, पोरी. तेच कोरायचं म्हणून थांबलोय."

"मग कोरू नका." तिने मुलाचे डोके खांद्याशी धरले. "हा याच गडावर वाढायचा आहे, त्याच माणसाच्या हाताखाली. दगड खरं बोलला तर हा राहील का?"

"मग मी करू तरी काय?"

"घाव छातीवर कोरा. पण तोंड त्यांचं कोरा. तुमच्या त्या नेहमीच्या झुपकेदार मिशा नकोत. त्यांना धड मिशी फुटलीच नव्हती. याला बाप दाखवायचाय मला."

वामोज काही बोलणार तोच आसदेव शिपायांसह आला. देमाई बाजूला झाली.

"काय रे वामोजा! तुझ्या अप्सरा नटूनथटून स्वर्गात पोचल्या, आणि नायक अजून मेलाच नाही?"

शिपाई हसले.

"आजच हात घालतो, स्वामी."

"घाव?"

"छातीवर."

"शाबास. आणि छत्राखालची माझी मूर्ती डावीकडे ना?"

वामोजाने टाकी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. नाही म्हणू नका, असे देमाई मान हलवून त्याला विनवीत होती. छातीवरचा घाव, हे पहिले खोटे, त्या मुलासाठी होते. हे दुसरे फक्त मागणाऱ्यासाठी. नाही म्हटले तर काय होईल हे त्याला कळत होते, आणि ते टाळायला त्याच्यापाशी काहीही नव्हते.

"टाकी का ठेवलीस?" आसदेवाने विचारले.

"आपली मूर्ती मी कोरणार नाही, स्वामी," वामोज म्हणाला. "त्याच्या बाजूने तिथे कोणी उभं नव्हतं. नायक एकटा होता. मी एकटाच कोरीन."