पाणवठ्यावरची तार

जवळ सरका, आणि मध्येच कुणी उठू नका. ही ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली, त्या वायरमनच्या शेजारी मी वीस वर्षं काढलीत. त्याची बायको म्हणायची, "याचं लग्न माझ्याशी नाही, विजेच्या खांबाशी लागलंय."

गावामागच्या जंगलात पाणवठा एकच. उन्हाळ्यात सगळी जनावरं तिथेच यायची, आणि शिकारी खांबावर आकडा टाकून त्यांच्या वाटेत उघडी तार लावायचे. गावातली सात माणसं आळीपाळीने राखण करायची, तारा काढायची. त्यातला माळी वायरमनचा जिवलग मित्र; काढलेल्या तारेचं एकसारखं वेटोळं करून खुंटाला अडकवायची त्याची सवय. गेल्या वर्षी तो तारेला चिकटला. जागीच गेला. मग चौघांनी काढता पाय घेतला. उरली दोघंच: वायरमन आणि माळ्याची बायको. तिला तो वहिनी म्हणायचा.

मंगळवार, बारा मार्च. संध्याकाळी वहिनीचा निरोप आला, आज तार लागलीय. बेत साधा होता. रात्री साडेअकराला वायरमनने ट्रान्सफॉर्मरपाशी वीज बंद करायची, वहिनीने तार काढायची.

तो अकरा दहाला पोचला. हँडल ओढलं. हलेना. गंजून घट्ट बसलेलं. लोंबकळला, दगडाने ठोकलं, तळहात सोलवटले. अकरा वीसला फोन लावला.

"वहिनी, थांबा! वीज अजून..."

"अरे, नीट ऐकू येत नाही. साडेअकराच ना? मी निघालेय. हरिणी पाडसाला घेऊन त्याच वाटेने येते रे, उशीर नको करूस."

फोन तुटला. परत लागलाच नाही.

तो पळत सुटला. पाणवठा दोन किलोमीटर. चपला कुठे पडल्या, कळलं नाही. मित्र गेला, आता मित्राची बायको आपल्या भरवशावर...

साडेअकरा वाजले.

अजून अर्धी वाट.

"वहिनीऽऽ!"

तो पळतच राहिला.

शेवटी पाणवठा दिसला. काठावर कुणीतरी बसलेलं. हलत नव्हतं.

त्याने बॅटरी मारली.

वहिनीच. डोळे उघडे... बोट ओठांवर. समोर हरिणी आणि पाडस पाणी पीत होती.

"तारेला... हात लावलात?"

"मी आले तेव्हा काढूनच ठेवली होती," ती कुजबुजली. "तूच ना?"

त्याने बॅटरी बाजूला फिरवली.

लाकडी खुंटाला तारेचं वेटोळं अडकवलेलं. एकेक पदर सारखा. दुसरं टोक अजून वर, खांबावरच्या आकड्यातच.

त्याने खिशातून टेस्टर काढला. वेटोळ्याला टेकवला.

दिवा पेटला.